पिचीचा हिवाळा

मंगळवारी सकाळी आठ वाजता अंबादासने मागच्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा पिची पेटीतल्या मातीला पोट घट्ट लावून, पाय आत ओढून बसलेली होती. एरवी दार वाजलं की ती नाक वर करायची. आज केलं नाही. त्याने बोट लावून पाहिलं. कवच दगडासारखं गार होतं.

दुबईतल्या रास अल खोरमधलं हे गोदाम पूर्वी एका भाजीवाल्याचं होतं. आता सुजीत तिथे परदेशातून आलेले प्राणी कागदपत्रं पुरी होईपर्यंत ठेवून घ्यायचा आणि मग प्राणी-उद्यानांना पोचवायचा. अंबादास त्याचा स्टोअरकीपर. खाणं, वजनं, फाइली, सगळं त्याच्याकडे. वय साठीला टेकलेलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. करामा वस्तीतल्या खोलीत त्याच्याबरोबर तिघेजण राहायचे, पण त्यांच्या ड्यूट्या अशा, की तो त्यांना बहुतेक वेळा झोपलेलेच पाहायचा. दिवसभरात मनसोक्त बोलणं व्हायचं ते पिचीशी. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही त्याला वाटत नव्हतं.

पिची म्हणजे अर्जेंटिनाकडचा एक लहानसा आर्माडिलो. वजन किलोभर, लांबी वीतभरापेक्षा थोडी जास्त. पाठीवर हाडाच्या पट्ट्यांचं कवच, त्याच्या कडांना करवतीसारखे दाते, आणि पोटाखालून डोकावणारे राठ केस. सुजीत तिला खवले मांजर म्हणायचा. अंबादास मूळचा चिपळूणकडचा, खवले मांजर त्याने लहानपणी पाहिलेलं होतं. त्याचे खवले नखांच्या जातीचे, हिचं कवच हाडाचं. ते अंगाची पक्की गुंडाळी करतं, हिला ते नीटसं जमत नाही. ही बिळात शिरून कडांचे दाते मातीत रुतवते, मग कोणी ओढली तरी निघत नाही. हे सगळं त्याने बसमध्ये फोनवर वाचून वहीत उतरवून ठेवलं होतं.

"चाचा, मर गई क्या?" अबरार दारात येऊन उभा राहिला होता. जनावरांची साफसफाई त्याच्याकडे असायची.

 मग तोच सुजीतला बोलावून घेऊन आला.

"चौदा डिग्री!" भिंतीवरचा आकडा पाहून सुजीत ओरडला. "काका, चार दिवस एसी बिघडून नुसता थंड मारतोय आणि ही इथेच?"

"मी शुक्रवारीच फोन केला होता. टेक्निशियन म्हणाला, इन्शाल्ला उद्या."

"इन्शाल्ला उद्या म्हणजे पुढचा आठवडा! वीस वर्षं दुबईत काढलीत, एवढं कळू नये? दुसऱ्या रूममध्ये हलवायची ना!"

"क्वारंटाइनमध्ये आहे ती. परवानगीशिवाय..."

"मग परवानगी मागायची. तोंड आहे ना?"

तोंड होतं, पण मागायचं राहून गेलं होतं, हे खरंच. 

सुट्टीवर कोचीला गेलेल्या डॉक्टरीणबाईंना सुजीतने व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी नाकाशी आरसा धरायला सांगितलं. आरसा नव्हता, म्हणून अंबादासने आपला चष्मा काढून काच पिचीच्या नाकाशी धरली. सगळे वाकून बघत राहिले. काच स्वच्छच राहिली. बाई म्हणाल्या, फ्रीजरमध्ये ठेवून द्या, रविवारी आल्यावर पोस्टमॉर्टेम करू.

"खलास," सुजीत म्हणाला. अबरार पिशवी आणायला गेला.

अंबादासला तिथे उभं राहवेना. तो मागच्या अंगणात गेला. बाहेर शेहेचाळीस डिग्री, आणि जुलैतली खाडीवरची दमट हवा. चष्मा लावताक्षणी दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. या शहरात दिवसातून दहा वेळा होतं तसंच. सवयीने त्याने चष्मा पुसायला घेतला आणि त्याचा हात थांबला. काच गार, हवा गरम, म्हणून वाफ धरते. पण श्वासच खोलीइतका गार असेल तर? तर काचेवर वाफ धरणारच नाही.

तो जवळजवळ पळतच आत आला. अबरारने पिशवीचं तोंड उघडलं होतं.

"थांब, थांब! सुजीत, फ्रीजर नको. ती... झोपलेली असेल."

"प्रोफेसर," सुजीत म्हणाला, "फेब्रुवारीत तुमचा पोपट असाच शेवटच्या घटका मोजत होता. डॉक्टरांना मीटिंगमधून उठवून आणलं. काय निघालं? पिसं झडत होती!"

अबरार हसला. अंबादासचे कान गरम झाले.

"सगळ्या आर्माडिलोंत ही एकच जात हिवाळाभर झोपते असं वाचलंय. अंग गार पडतं. महिनाभर ती दुप्पट खातेय, वजन बघ. आणि तिकडे आत्ता हिवाळा आहे."

"तिकडे? ही युरोपातल्या झूमध्ये जन्मलीय, काका. अर्जेंटिना तिने बघितलंय तरी का?"

हे अंबादासच्या लक्षात आलं नव्हतं. "ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "थंडीनेही असेल. मी चुकत असेन."

"आणि चुकत असाल तर?"

"तर फ्रीजर कुठे पळून जातोय? पण बरोबर असेन, तर ती फ्रीजरमध्येच मरेल."

सुजीतने घड्याळाकडे पाहिलं. "बारा वाजेपर्यंत. मग ही ज्यांच्याकडे जायचीय त्या पार्कवाल्यांना मला कळवावंच लागेल."

अंबादास जाकीट घालून पेटीशी बसला. पिचीच्या कुशीतल्या केसांवर त्याने नजर लावली. दहा वाजून दहा मिनिटांनी केस हलल्यासारखे वाटले. एसीच्या वाऱ्याने असतील. त्याने पेटीला पुठ्ठ्याचा आडोसा केला. पुन्हा हलल्यासारखं वाटलं, आणि तेव्हा त्याला स्वतःचाच संशय आला. खोली त्याच्या ताब्यातली. प्राणी मेला तर ठपका त्याच्यावर. अशा माणसाला हवं तेच दिसायचं. शिवाय ती नसली तर उद्या सकाळी आठ वाजता तो बोलणार कोणाशी? या डोळ्यांवर कोणी विश्वास ठेवावा?

त्याने अबरारला हाक मारली.

"तुझे लगता है मर गई?"

"हाँ चाचा. सच बोलूँ तो, हाँ."

"तो तू देख. मैं नहीं देखूँगा."

अबरारला पेटीशी बसवून अंबादास भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर भाजीवाल्याच्या काळातले खिळे होते. ते त्याने मोजले, पुन्हा मोजले. अबरारने एकदा नाक ओढलं. एकदा "यल्ला, बेगम, कुछ तो कर" असं पुटपुटला. मग बराच वेळ काहीच नाही.

"चाचा."

अंबादास वळला नाही.

"चाचा, हिली! कसम से, पूरा पेट हिला!"

तरीही दुसरा श्वास येईपर्यंत दोघांनी मिळून वाट पाहिली. तो यायला इतका वेळ लागला, की अंबादासला पहिलाही खोटा वाटू लागला होता. मग राठ केसांची एक ओळ सावकाश वर आली आणि खाली बसली.

सुजीतनेही तेच पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंना पुन्हा फोन लावला.  त्यांनी सूचना दिल्या. तिला जागं करू नका. जागं होण्यातच तिची साठवलेली चरबी जळते. तापमान आहे तेच ठेवा, खोलीत अंधार करा, कॅमेरा लावा. आत कोणीही जायचं नाही, हात लावायचा नाही, बोलायचंसुद्धा नाही.

"टेक्निशियनला सांगा," सुजीत म्हणाला, "इन्शाल्ला सप्टेंबर!" त्याने अंबादासच्या पाठीवर थाप मारली. "मानलं, काका."

पुठ्ठा, खुर्ची, पाण्याची वाटी असं सगळं अंबादासने बाहेर काढलं. दिवा बंद केला. अबरारने दारावर इंग्रजीत आणि उर्दूत पाटी चिकटवली.

"आता दोन महिने या रूमचं काही काम नाही तुम्हाला," सुजीत जाता जाता म्हणाला. "गावी जाऊन या ना. किती वर्षं झाली?"

गावी घर होतं. त्याची किल्ली शेजाऱ्यांकडे होती.

"बघतो," अंबादास म्हणाला, आणि कासवांसाठी पालक चिरायला गेला.