थोरलीची जीभ

दोघी जावांचं शिवणाचं दुकान घराच्या खालीच होतं. थोरली कापड बेतायची, कापायची, धाकटी शिवायची, आणि दिवसभर कात्रीपेक्षा दोघींच्या जिभाच जास्त चालायच्या. धाकटी काही तोंडानं कमी नव्हती, पण शेवटचा शब्द नेहमी थोरलीचा. कपडे तयार नसले तरी गिऱ्हाइकं बाकावर टेकायची, फुकटची करमणूक कोण सोडतो?

त्या सकाळी शटर वर गेल्या गेल्या थोरलीनं शर्ट उचलून विचारलं, "ही काजं केलीस की उंदरानं कुरतडलीत?"

"उंदीर निदान माझ्या डोक्यावर बसून काम करून घेत नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली आणि मशीन चालवत उत्तराची वाट बघू लागली. उत्तर आलंच नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिनं मान वळवली. थोरलीच्या उजव्या हातातला खडू खाली पडला होता, आणि ती रिकाम्या बोटांनीच कापडावर रेघ ओढत होती.

"काय झालं हो?"

थोरली काहीतरी बोलली, पण शब्दांचा नुसता लगदा बाहेर आला.

अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या बाईंचे युनिफॉर्म याच दुकानात शिवले जायचे. माप देताना त्या एकदा बोलून गेल्या होत्या, लकव्याची शंका आली तर माणसाला हसवून बघा, हात वर करायला लावा, बोलतं करा. कुठं काही वाकडं दिसलं तर थांबू नका. धाकटीला तेच आठवलं.

"हसा बघू!" ती ओरडली.

थोरली धाकटीकडे बघून हसल्याला जमाना लोटला होता. आता ती हसली, पण अर्धीच. ओठाचा उजवा कोपरा जागचा हलला नाही. दोन्ही हात वर करायला सांगितले, तर उजवा मध्येच खाली आला.

मोठे भाऊजी, म्हणजे थोरलीचे यजमान, धावत आले. बिचारे हबकून गेले. "चक्कर आली असेल. जरा पडू दे तिला. साखरपाणी आणू का?"

"काही नको! घास नको, घोट नको. ठसका लागेल त्यांना," धाकटीनं फोन कानाला लावत दम भरला. भाऊजींशी ती एरवी पदर सावरून बोलायची. आज त्यांनाच तिनं अ‍ॅम्ब्युलन्सला रस्ता दाखवायला पिटाळलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "यांना अगदी ठीक असं शेवटचं कधी पाहिलंत?"

"शटर उघडलं तेव्हा. माझ्या काजांना नावं ठेवली."

"बोलणं स्पष्ट होतं?"

"शब्दन् शब्द लागला मला."

डॉक्टरांना हसू आलं, पण वेळ पक्की कळली, म्हणून काम सोपं झालं. डोक्याचा स्कॅन झाला, मेंदूत रक्ताची गुठळी सापडली, आणि ती विरघळवणारं इंजेक्शन वेळेत देता आलं.

थोरली वाचली. पाय बऱ्यापैकी चालू लागला. हात मात्र रुसला, आणि जिभेवर एकच शब्द शिल्लक राहिला. डॉक्टर विचारपूस करायला आले तेव्हा तिनं डोळे भरून त्यांच्याकडे पाहिलं, आभार मानायला डावा हात कपाळाशी नेला आणि म्हणाली, "गाढव."

भाऊजींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बोलण्याचे व्यायाम घेणारी मुलगी मात्र खूश झाली. "किती स्वच्छ उच्चार आहे! एक आलाय, मागून बाकीचे येतील." मग ती धाकटीकडे वळली. "तुम्ही फक्त एक करायचं. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. थांबायचं."

जगात धाकटीला न जमणारी एकच गोष्ट होती, आणि नेमकी तीच वाट्याला आली. थोरली "मला... मला..." करत अडकली की धाकटीच्या जिभेवर पाणी, चहा, चादर, उशी असे सगळे शब्द उड्या मारायचे. शेवटी ती मोजपट्टीचं टोक दातात धरून बसायला लागली.

घरी आल्यावर हातासाठी बटणांचा व्यायाम होता, या डब्यातली त्या डब्यात टाकायची. एका दुपारी थोरलीनं डबाच भिरकावला. बटणं घरभर उधळली आणि ती रडायला लागली. धाकटीला समजूत घालता येईना, एवढ्या वर्षांत घातली होती कुठं? तीही फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडू लागली. थोरलीचं रडं थांबलं.

"तू... का?" ती म्हणाली.

"दुकानात कुणी भांडायला नाही," धाकटी हुंदके देत म्हणाली. "मशीनचा आवाज खायला उठतो मला!"

दुसऱ्या दिवसापासून थोरली खुर्ची टाकून दुकानात बसायला लागली. शब्द परतू लागले होते, पण घर चुकल्यासारखे, एकाच्या जागी दुसराच यायचा. मोठी कात्री उजव्या हाताला अजून पेलत नव्हती, म्हणून कापायचं धाकटीनं आणि सांगायचं थोरलीनं, असं ठरलं.

एका बस-ड्रायव्हरचा शर्ट शिवायला आला. थोरली म्हणाली, "डावी बाही... पूर्ण." मग बराच वेळ शब्द शोधून, "उजवी... अर्धी." धाकटीला शंका आली. पण मध्ये बोलायचं नाही म्हणजे नाही! तिनं मोजपट्टी दातात आवळली आणि सांगितलं तसं कापलं.

ड्रायव्हरनं शर्ट अंगात घातला आणि आरशापुढे तो कधी या हाताकडे, कधी त्या हाताकडे बघत राहिला.

"चूक... हिची," थोरली तात्काळ म्हणाली.

"माझी? तुम्हीच सांगितलंत!"

"डोकं... नाही? तुला?"

"आहे की! पण ते वापरायचं नाही असं तुमच्या व्यायामवाल्या मुलीनं बजावलंय!"

"अहो, थांबा, थांबा," ड्रायव्हर मध्ये पडला. "उन्हात दिवसभर खिडकीशी एकच हात भाजतो माझा. दुसऱ्याला पूर्ण बाही हवीच कशाला? फक्त तुम्ही झाकलाय भलता हात. खिडकी माझ्या उजव्या बाजूला असते."

थोरलीनं डाव्या हातानं उसवायची छोटी कात्री धाकटीपुढे सरकवली.

"आता बाह्यांची अदलाबदल करून द्या," तो बाकावर ऐसपैस बसत म्हणाला, "आणि असल्याच शर्टांसाठी डेपोतल्या आणखी दोघा ड्रायव्हरांची मापं उद्या पाठवतो."