अर्धी हाक

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत सोमशेखरचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. वयाच्या साठाव्या वर्षी ते जावयाच्या हाती देऊन त्यानं स्वतःसाठी बोट बांधली. लोखंडी पत्र्याची, बत्तीस फूट लांब, वर दोन खाटा मावतील एवढी खोली, मागं शेतातल्या पंपाचं जुनं डिझेल इंजिन. लॉरीवर घालून ती कारंजा धरणाच्या पाण्यावर नेली, तेव्हा रस्त्यावरचे ढाबेवाले बाहेर येऊन बघत राहिले. बायको शिवलीला म्हणाली, "समुद्र अडीचशे मैलांवर, अन् आमच्या घरात कप्तान!"

गुरुवारी दुपारी सोमशेखर बोटीवर जायचा, रविवारी परतायचा. सोबत तिघं मित्र. त्यातला भीमण्णा जातीचा कोळी, मासेमारीचा परवाना त्याच्याच नावावर. दुसरा अंकुशराव, त्याचं सोयाबीनचं दुकान. आणि निंबर्ग्याचा बसवराज, सोमशेखरचा शाळेपासूनचा जिवलग. चौघं किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचे, एखाद्या बाभळवनाच्या आडोशाला नांगर टाकायचे, जाळं सोडायचे. सोमशेखर आणि बसवराज लिंगायत, मासळीला शिवायचेसुद्धा नाहीत, म्हणून मासळीचा स्टोव्ह वेगळा आणि तो बोटीच्या टोकाला. पण बसवराजला जाळं ओढायचं वेड लागलं. खायचं नाही, नुसतं ओढायचं. उजाडायच्या आत उठून तो मागच्या कठड्याशी उभा राहायचा आणि ओरडायचा, "शेखऱ्या! ये लवकर, मोठा घावलाय!" सोमशेखर धडपडत बाहेर यावा, तर जाळ्यात बोटाएवढ्या दोन मासळ्या. बसवराज हसून हसून खोकायचा. हे दर शुक्रवारी, दर शनिवारी.

मागच्या कार्तिकातल्या एका शनिवारी बोटीवर ते दोघंच होते. भीमण्णा आणि अंकुशराव आदल्या संध्याकाळीच गावी गेले होते. झुंजुमुंजू झालं होतं. सोमशेखर जागा होता, पण पांघरुणात होता. बाहेरून हाक आली, "शेखऱ्या!" त्यानं कूस बदलली. मग पुन्हा आली, "शेख—" आणि तुटली. त्याला वाटलं, हसायला लागला असेल. हसू काही ऐकू आलं नाही. पुन्हा डोळा लागला, आणि उन्हं खोलीत आल्यावर तो उठून बाहेर गेला तेव्हा कठड्याशी कुणी नव्हतं. जाळ्याची दोरी ताणून उभी खाली गेली होती. दोरी ओढता ओढता हाताला जे वजन लागलं, ते कशाचं हे त्याला वर यायच्या आधीच कळलं. दोरी बसवराजच्या घोट्याला तीन वेढे बसली होती.

पोलिसांनी विचारलं, भावांनी विचारलं, बसवराजची बायको दानेश्वरी हिनंही विचारलं. सगळ्यांना त्यानं एकच सांगितलं, "मी गाढ झोपेत होतो. काईच ऐकू आलं न्हाई."

महिनाभर तो बोटीकडे फिरकला नाही. मग घरात जीव घुसमटायला लागला म्हणून गेला. पहिल्याच पहाटे, डोळे मिटलेले असताना, मागच्या बाजूनं हाक आली. एक पूर्ण. एक अर्धी.

तो खाटेवर बसून राहिला. बाहेर जायची छाती झाली नाही. पुढच्या पहाटेही तेच झालं. त्यानं बोट धरणाच्या दुसऱ्या काठाला नेली, हाक तिथंही आली. उशी फिरवून पाहिली, कानांत कापूस घातला, इंजिन चालू ठेवून झोपला. हाक इंजिनच्या वरून यायची. घरी हुमनाबादला मात्र कधीच नाही. तरीही गुरुवार आला की पाय तिकडेच वळायचे. कामून जायलास म्हणून शिवलीलेनं विचारलं, तर त्याला सांगता यायचं नाही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी भीमण्णा बोटीच्या टोकाशी जाळं शिवत बसला होता. एकदम सुई थांबवून त्यानं मान वर केली.

"अण्णा, तुमाला कुणी बोलावलं का आत्ता?"

सोमशेखरनं चहाची कपबशी खाली ठेवली. "न्हाई," तो म्हणाला.

भीमण्णानं त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि पुन्हा शिवायला लागला. पण त्या दिवसापासून तो मागच्या कठड्याकडे पाठ करून बसेनासा झाला.

वर्ष भरत आलं तेव्हा दानेश्वरीचा फोन आला. "अण्णा, मला ती जागा बघायचीय." नाही म्हणायला काही कारण सापडेना. गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला अंकुशरावानं तिला जीपमधून आणलं. कपाळाला विभूती, हातात शेवंतीची पुडी. बोटीवर पाय ठेवताना तिनं कुणाचा हात धरला नाही.

तिनं सगळं बारकाईनं पाहिलं. भांडी, स्टोव्ह, खिळ्याला टांगलेलं जाळं. जाळ्याला हात लावून म्हणाली, "ह्ये त्यांचंच ना? दर रविवारी अंगाला वास यायचा. मी कदी इचारलं न्हाई."

त्या जागी पोचल्यावर सोमशेखरनं इंजिन बंद केलं. पाणी शांत होतं. दानेश्वरीनं फुलं सोडली, हात जोडले. मग वळून विचारलं, "तुमी कुठं होता अण्णा?"

"आत. खाटेवर. झोपलो होतो."

"दार लावलेलं होतं?"

"ओढून घेतलेलं."

तिनं त्या दाराकडे पाहिलं. "त्यांना घरात पाण्याचा तांब्या पायजे असला तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. असा माणूस आवाज न काढता जातो का?"

ती सरळ आत गेली, सोमशेखरच्या खाटेवर आडवी झाली आणि आतून म्हणाली, "दार ओढा. अन् तुमी तिथं जाऊन हाक मारा. ते जशी मारायचे, तशीच. ऐकू येतंय का बघते."

अंकुशराव म्हणाला, "वहिनी, कशाला हे आता..."

सोमशेखरनं दार ओढलं. सात पावलं चालून कठड्याशी गेला. स्वतःच्याच नावानं हाक मारायची होती. त्यानं श्वास घेतला आणि ओरडला, "शेखऱ्या!" आवाज पाण्यावरून पलीकडच्या टेकडीपर्यंत गेला. मग, एकदाच पुरे होतं तरी, पुन्हा तोंड उघडलं. "शेख—" पुढचं अक्षर निघेना.

दार उघडलं. दानेश्वरी उंबऱ्यात उभी होती. "दोनदा मारली," ती म्हणाली. "दुसरी अर्धीच." ती जवळ आली. "अशीच आली होती का अण्णा?"

सोमशेखर होता तिथंच खाली बसला. टोकाशी भीमण्णा आणि अंकुशराव उभे होते, त्यांच्याकडे पाहायचं धाडस त्याला झालं नाही.

"व्हय अक्का," तो म्हणाला. "मी जागा होतो. मला वाटलं, नेहमीसारखी मस्करी करायलाय. मी उठलो न्हाई."

तिनं कठड्याचा लोखंडी दांडा घट्ट धरला. मग बोलली ते जणू पाण्यालाच सांगत होती. "त्या आठवड्यात आमचं लई भांडण झालं होतं. मी नको ते बोलले. इथं तुमच्याजवळ असून त्यांनी आवाज दिला न्हाई, म्हंजे मुद्दाम गेले, असं मी वरीसभर धरून बसले. पोरींनाबी बोलले न्हाई. एकटीच." तिचा आवाज फाटला. "त्यांनी हाक मारली होती. त्यांना वर यायचं होतं."

आणि ती रडली. अंकुशराव नंतर सांगायचा, मातीच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

सोमशेखर उठला, काहीतरी बोलू लागला. तिनं हात वर करून थांबवलं. "तुमचं तुमी बघा अण्णा. मला त्यातलं काई सांगू नका. मला काठावर सोडा."

काठावर उतरताना अंकुशरावानं तिला हात दिला. सोमशेखरकडे मात्र वळून पाहिलं नाही. तो पुन्हा बोटीवर आला नाही. हुमनाबादच्या बस स्टँडवर सोमशेखर समोर दिसला तर रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

त्या रात्री भीमण्णा बोटीवरच राहिला. पहाटे हाक आली तेव्हा सोमशेखर पांघरूण फेकून उठला आणि दार उघडून अनवाणी मागं गेला. कठड्याशी कुणी नव्हतं. पाण्यावर धुकं होतं, कालची दोनतीन फुलं बोटीला चिकटून होती. भीमण्णा मागून येऊन शेजारी उभा राहिला. म्हणाला, "मलाबी आली ऐकू." मग दोघं उजाडेपर्यंत तिथंच उभे राहिले.

सोमवारी सोमशेखर एकटाच निंबर्ग्याला गेला. बसवराजच्या भावांना आणि दोन्ही पोरींना समोर बसवून त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, पांघरुणासकट. थोरला भाऊ ऐकता ऐकता उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. धाकटी पोर रडत होती. दानेश्वरी आतून चहा घेऊन आली. कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर भिंतीला टेकून बसली. सोमशेखरनं कप उचलला. तो पिऊन होईपर्यंत ती तिथंच बसून होती.