गोठ्यातली लिफ्ट

राजापेठेतल्या आमच्या गल्लीत मोटार एकच होती, आणि ती जितकी चालायची त्याहून जास्त दुरुस्त व्हायची. मालक खुशालराव, कापसाच्या गठाणी बांधायच्या प्रेसमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मी समोरच्या घरातला, कापसाचा दलाल. कोण कोणाकडे कशासाठी जातो हे ताडायची सवय मला धंद्यानंच लावलेली. बिनकामाच्या पाहुण्यावर माझा विश्वास नाही.

दर रविवारी अकोल्याहून भगवंत यायचा. खुशालरावांचा साळा. बहीण सुभद्रा होती तोवर तो हक्कानं यायचा, चुलीजवळ बसून भाकर मागायचा. ती गेल्यावर आमच्याकडची रीत आडवी आली. बहीण नाही त्या घरी भावानं काय म्हणून जावं? तोंडावर कोणी विचारत नाही, पण ज्याचं त्यालाच अवघड होतं. भगवंतानं त्यावर तोड काढली. "भाऊजीची मोटार पाहून येतो," असं घरी सांगून निघायचा. बडनेऱ्याला उतरायचा, टांग्यानं यायचा आणि घरात पाऊल न टाकता थेट गोठ्यात. बैल विकल्यापासून मोटार तिथंच असे. पोतं अंथरून तो तिच्याखाली शिरला की खुशालराव वर सीटवर बसत आणि दोघांचं बोलणं मोटारीच्या तळातून चाले.

"हे नट कोनं आवळलं? रेड्यानं?"

"म्याच आवळलं."

"तेच म्हणलं, माणसाचं काम दिसत नाई."

असं बोलता बोलता कधी सुभद्राबाईंचा विषय निघे. एकमेकांची तोंडं दिसत नसल्यानं दोघांनाही सोपं जाई. एरवी आठवडाभर खुशालराव बोलत, ते स्वयंपाकाच्या दुर्गाबाईंना भाजी कोणती करायची हे सांगण्यापुरतं.

एका रविवारी भगवंत मोटारीखालून निघाला तो कंबर धरून, मडगार्डचा आधार घेतच. "काही नाई, चमक भरली," म्हणाला. खुशालरावांनी ते पाहिलं आणि मनात धरलं. भगवंत सरकीच्या तेलाच्या गिरणीत फिटर. हंगाम सुरू झाला की त्याला रविवारही मिळत नसे. तेवढ्या अवधीत खुशालरावांनी गोठा खोदायला घेतला.

चीनची लढाई झाली त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. प्रेसच्या भंगारातला गठाणी दाबायचा दट्ट्या त्यांनी बैलगाडीत घालून आणला. आमची काळी माती पावसात फुगते नि उन्हात फाटते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डा नेला आणि तळाशी चुना-दगड भरून दट्ट्या उभा केला. वर दोन जाड लोखंडी पाट, बाजूला हातपंप. दांडा मारत राहिलं की दट्ट्याच्या नळ्यात तेल शिरायचं आणि पाटांसकट मोटार हळूहळू वर.

"खुशालराव, या वयात हा खटाटोप कोणासाठी?" मी विचारलं.

"माह्या साळ्याच्या कमरेसाठी."

मला वाटलं, थट्टा करतात.

हंगाम संपून भगवंत आला, तेव्हा मी मुद्दाम गोठ्यात हजर होतो. खुशालरावांनी दांडा मारला. मोटार डोक्याच्या वर गेली. त्यांनी खिट्ट्या घातल्या आणि हात झटकले.

"अरे बाप! भाऊजी, हे काय करून ठेवलं?"

"तुह्यासाठी. आता कोनाले लोळाचं काम नाई. हे पाय!"

आणि ग्रीसची पिचकारी घेऊन त्यांनी उभ्या उभ्या सगळे सांधे भरले. लग्नात वरबाप मिरवतो तसे मोटारीखालून मिरवत होते. भगवंत हातातली पिशवी खाली न ठेवता पाहत राहिला. पिशवीत त्याचे कामाचे कपडे होते.

"बेस झालं," तो म्हणाला. "आता तुमचं तुमाले होते."

"होते ना! तुले काहीच कराचं नाई."

"नाई ना."

चहा झाला. मोटारीखाली दोघं समोरासमोर उभे, आणि बोलायला काही नाही. खुशालराव लिफ्टचंच सांगत राहिले. भगवंत दुपारच्या गाडीनं परतला. पुढच्या रविवारी आला नाही. त्यापुढच्याही नाही.

बाकी सगळे आले. नांदगाव खंडेश्वरचा जीपवाला आला, टॅक्सीवाले आले, एक डॉक्टर तर नुसता पाहायला आला. खुशालराव प्रत्येकाची मोटार वर चढवत आणि गल्लीच्या तोंडाशी टांगा वळला की मान वळवत. लोक काम उरकलं की निघून जात. कामासाठी आलेला माणूस कामापुरताच बसतो, हे मला धंद्यात केव्हाच पाठ झालं होतं. खुशालराव ते आता शिकत होते.

उन्हाळ्यात मी अकोल्याला निघालो, तर म्हणाले, "मीबी येतो."

जावई आला म्हणून भगवंताच्या घरात धावपळ उडाली. त्याच्या बायकोनं, केशरबाईनं, पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, पुरण रांधलं. भगवंत धुतलेली टोपी घालून "घ्या ना भाऊजी, संकोच नका करू" म्हणत वाढत होता. नटावरून रेडा काढणारा माणूस तो हाच, हे सांगूनही पटलं नसतं. खुशालराव काही सांगायला तोंड उघडत, तेवढ्यात ताटात आणखी एक पोळी पडे.

निघताना केशरबाईनं धोतरजोडी आणि नारळ दिला. दारात खुशालराव थांबले.

"भगवंता, रविवारी येत जा."

"काहून? लिफ्ट बिघडली का?"

मी असतो तर पंप गळतो म्हणून सांगून मोकळा झालो असतो, आणि सौदा तिथंच पटला असता. पण फोरमनला आपल्या हातच्या यंत्राला नाव ठेववेना.

"नाई. लिफ्ट चांगली हाय."

"मंग?"

खुशालरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे.

"मंग काही नाई."

भगवंतानं हात जोडले. "काम पडलं तं कळवा, भाऊजी."

परतीच्या डब्यात जागा भरपूर होती. तरी खुशालराव नारळ मांडीवर धरूनच बसले. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाले, "वाढलं मात्र चांगलं त्यायनं."

"पुरण बरं होतं," मी म्हटलं.

बडनेऱ्याला गाडी थांबली. ते उठेनात. मी त्यांच्या मांडीवरचा नारळ काढून घेतला, तेव्हा उठले.