पंचांचा कान

"बाबा, यांना परत पाठवावं लागेल," लेक म्हणाली. "आठहीजणांना ऐकू येत नाही."

पंचांनी फाटकाकडे पाहिलं. छापखान्याच्या निळ्या सदऱ्यांतले आठजण उभे होते आणि सोळा हात एकाच वेळी बोलत होते. बुकिंग मोबाइलवर संदेश पाठवून झालेलं, त्यामुळे आधी कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांत पुढे एक उंच बाई होती. छापखान्यात ती पुस्तकांची बांधणी करायची, आणि या आठजणांची म्होरकी तीच दिसत होती.

"नियम आपलाच आहे," लेकीने आठवण करून दिली. "शिट्टी वाजली की बंदूक खाली. यांना शिट्टीच ऐकू येणार नाही, मग थांबतील कसे?"

पंचांनी गळ्यातली शिट्टी चाचपली. उत्तर द्यायचं तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा लागला असता. कारण ती शिट्टी गेली दोन वर्षं त्यांनाही ऐकू येत नव्हती.

त्यांच्या वडिलांची लाकडाची वखार होती. तो धंदा बसला तेव्हा पंचांनी त्या जागेभोवती जाळी ताणली, फळ्यांचे आडोसे उभे केले, जुने टायर रचले आणि पेंटबॉल सुरू केला. हवेच्या बंदुकीतून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या, ज्याच्या अंगावर गोळी फुटली तो बाद. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. चांगली धडधाकट माणसं वेळ काढून अंग रंगवून घ्यायला कशाला येतील? पण बावीस वर्षं झाली, येतात. बायको मास्क धुते, सिलिंडरमध्ये हवा भरते. लेक बुकिंग घेते, बंदुकीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग तपासते. आणि पंच गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभे राहतात. त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं आहे.

कान निम्मे वखारीतल्या करवतीने खाल्ले, उरलेसुरले हवा भरायच्या यंत्राने. घरात निभावून जायचं. बायकोचे आणि लेकीचे ओठ त्यांना पाठ होते, आणि नाहीच कळलं तर "हं" म्हणायचं. संसारात "हं" ने पुष्कळ भागतं. मैदानात मात्र प्रत्येकाच्या तोंडावर मास्क, ओठ दिसणार कुठून? गेल्या महिन्यात एकाच्या मास्कचा पट्टा तुटला. "थांबा, मास्क गेला!" असं तो तीनदा ओरडला म्हणे. पंच त्याच्यापासून दहा पावलांवर पाठ करून उभे होते. समोरच्यानेच बंदूक खाली घेतली म्हणून त्याचा डोळा वाचला. "लक्ष नव्हतं माझं," पंच म्हणाले आणि सगळे हसले. तेव्हापासून शिट्टी गळ्यात घालताना त्यांना तो तुटलेला पट्टा आठवायचा, पण घरी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मैदानातून बाहेर बसायचं म्हणजे मग करायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं.

उंच बाईने मोबाइलवर काहीतरी टाइप करून त्यांच्यापुढे धरलं. 'आमचं आम्ही थांबतो. प्रत्येकजण दोघांवर नजर ठेवतो. एकाने दोन्ही हात वर केले की बघणाऱ्याने करायचे. आधी बघा, मग हाकला.'

पंचांना हसू आलं. "खेळू दे त्यांना," ते लेकीला म्हणाले.

"आणि कुणाला काही झालं तर?"

"मी आहे ना."

हे वाक्य बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

खेळ सुरू झाला. एरवी इथे कल्ला असतो. डावीकडून आला, मागे बघ, अरे मूर्खा वाक, असं ओरडून घसे बसतात आणि शत्रूलाही सगळं फुकट ऐकायला मिळतं. आज फळ्यांमागून नुसते हात निघत होते. मैदानाच्या या टोकाचा त्या टोकाच्याशी बोलत होता, तेही सविस्तर. फक्त एक अडचण होती. बोलायचं तर बंदूक काखेत धरावी लागे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका जाड्याला ऐन चढाईत काहीतरी विनोद सुचला. त्याने बंदूक काखेत मारली, तो पलीकडच्याला सांगितला, दोघं पोट धरून हसले आणि दोघांच्याही छातीवर गोळ्या फुटल्या. पिवळी छाती घेऊन दोघं हसतहसतच बाहेर आले. पंचही हसले. दोन वर्षांत मैदानातला विनोद त्यांना पहिल्यांदाच इतरांबरोबर त्याच क्षणी कळला होता, हात पाहून नव्हे, त्या दोघांची पोटं पाहून.

आणि मग टायरांमागे एकजण घसरून पडला. मास्क कपाळावर सरकला, डोळे उघडे पडले. पंचांचा हात शिट्टीकडे गेला, पण ती ओठांपर्यंत पोचायच्या आत त्या माणसाचे दोन्ही हात वर झाले होते. मग शेजारच्याचे. मग फळीमागच्या उंच बाईचे. मग तिच्याकडे पाहणाऱ्याचे, अगदी जाळीजवळच्या शेवटच्यापर्यंत. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं मैदान हात वर करून उभं होतं. शिट्टीनंतरही दोन-चार गोळ्या सुटतातच, माणसाचं बोट मनापेक्षा उशिरा थांबतं, हे पंचांनी बावीस वर्षं पाहिलं होतं. आज एकही सुटली नाही. देवळात जाऊनही कधी जोडले गेले नव्हते असे त्यांचे हात नकळत छातीशी आले.

पडलेल्याने मास्क नीट बसवला, अंगठा दाखवला आणि खेळ पुढे चालू झाला.

खेळ संपल्यावर सगळे पाणी पीत बसले. उंच बाई पंचांजवळ आली. तिने मोबाइल पुढे केला.

'मघाशी तुमच्या मागे बायकोच्या हातून बादली पडली. मुलगी दचकून वळली. तुम्ही वळला नाहीत.'

पंचांनी आधी लेक कुठे आहे ते पाहिलं. मग दोन बोटं दाखवली.

'महिने?'

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "वर्षं."

'घरी माहीत आहे?'

पंचांनी पुन्हा तशीच मान हलवली. बाईने बराच वेळ टाइप केलं.

'आम्हाला ऐकू येत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघतो. तुमच्या मैदानातल्या माणसांना वाटतं तुम्ही ऐकताय. ती कुणाकडेच बघत नाहीत, काका.'

बाईने मोबाइल खिशात ठेवला, त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि आपल्या माणसांत गेली. पंच तिथेच उभे राहिले. एवढे कान कुणी उपटले नव्हते, तेही एक शब्द न बोलता.

आठजण गेल्यावर लेक बंदुका पुसत बसली होती. पंच तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"गेल्या महिन्यात त्या माणसाचा मास्क गेला ना," ते म्हणाले, "माझं लक्ष होतं. मला ऐकू आलं नाही."

लेकीचं फडकं थांबलं. "दहा पावलांवरून?"

"दहा पावलांवरून. दोन वर्षं झाली असं."

तिने फडकं बंदुकांवर आपटलं. ती चिडली होती, हे वाचायला कानांची गरज नव्हती. "त्याचा डोळा गेला असता, बाबा."

"हो."

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं. चुकलं माझं."

तिने हात पुढे केला. पंचांनी शिट्टीची दोरी मानेवरून काढली. टाळूवरच्या विरळ केसांत ती जरा अडकली, ती त्यांनी हळूच सोडवली आणि शिट्टी तिच्या तळहातावर ठेवली.

दुपारच्या खेळाला बँकेतली माणसं आली. सूचना पंचांनीच दिल्या. शेवटी थोडं थांबून म्हणाले, "आणि हे बघा, मला ऐकू येत नाही. माझ्याशी काही काम असेल तर समोर या." माणसांनी माना डोलावल्या. आभाळ कोसळलं नाही.

मग ते जाळीच्या बाहेर, बायकोशेजारी येऊन बसले आणि मास्क पुसायला लागले. आत मैदानाच्या मधोमध लेक उभी होती. कुणीतरी जाळीच्या फार जवळ गेलं. लेकीचे गाल फुगले आणि बँकेतली सगळी माणसं होती तिथे थांबली.

"कशी वाजवते?" पंचांनी विचारलं.

बायकोने हातातला मास्क बाजूला ठेवला. उठून ती त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, आणि मग म्हणाली, "तुमच्यासारखीच."