यादीत राहून गेलेली गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे. मोबाइलचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मोबाइलच्या चार्जरला घरात केवढा मान! तो सापडला नाही की माणसं घर डोक्यावर घेतात. मी पेन्सिल सेल भरणारा चार्जर, तळहाताएवढा, मूळचा पांढरा आणि आता चहाचे डाग पडल्यासारखा. शिवणाच्या खोलीत फळीवर, फोनच्या शेजारी माझी जागा. मला शोधायला कधी कोणी धावलं नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात तारा बसवल्या, दुसरीने झाकण लावलं, तिसरीने दोन सेल घालून माझा दिवा लागतो का ते पाहिलं. लागला. तिने लगेच पुढचा चार्जर उचलला. मला एकच दिवा आहे, लाल. त्याखेरीज मला काही बोलता येत नाही.

आणि माझा एक स्वभाव आहे. मला दोन सेल एकदम लागतात. वीज एका सेलमधून निघते, दुसऱ्यात शिरते, तेव्हा कुठे माझ्या पोटातली वाट पुरी होते. एकच सेल घातलात तर वाट मध्येच तुटते आणि मी ढिम्म. हे सगळं माझ्याबरोबर आलेल्या कागदावर छापलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. पण चिमीने पहिल्याच दिवशी त्या कागदाची घडी करून शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. चिमी म्हणजे या घरातली धाकटी बहीण. साठी उलटली तरी थोरलीच्या लेखी ती चिमीच. थोरलीला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. चिमी मशीन चालवायची, ताई काज-बटणं आणि हातशिलाई करायची. दोघींची लग्नं झाली, संसार झाले, दोघींच्या कपाळी एकटेपण आलं आणि मग त्या एका छपराखाली आल्या.

ताईला कमी ऐकू येतं. तिच्या गळ्यात काडेपेटीएवढं कानाचं यंत्र असतं, त्याची वायर कानात जाते आणि त्याला एक सेल लागतो. साधे सेल भराभर संपायचे, म्हणून चिमी मला आणायला दुकानात आली. माझ्यात भरायचे सेल निवडताना, कुठल्यात किती वीज मावते त्याचे आकडे वाचत तिने दुकानदाराला भंडावून सोडलं.

"हा मोठा आकडा छापलाय तो घेऊ का?" तिने विचारलं.

"हातात घेऊन बघा. आकडा एवढा मोठा आणि वजन पिसाचं! असले घेऊ नका," दुकानदार म्हणाला. "हे घ्या. आकडा कमी, पण प्रामाणिक. नुसते ठेवले तरी महिनोन्‌महिने उतरत नाहीत. आणि दोन्ही एकदमच वापरात आणा, नवा-जुना एकत्र करू नका."

चिमीने दोन्ही सेलांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे घरातल्या साध्या सेलांत ते मिसळू नयेत. अर्धा आठवडा एक सेल ताईच्या यंत्रात, अर्धा आठवडा दुसरा. रविवारी सकाळी दोघांना माझ्याकडे आणायचं आणि संध्याकाळी आठवणीने काढायचं, कारण पोट भरलं की आपणहून थांबणं मला जमत नाही. सेल कोमट लागले तर ती म्हणायची, "दमलात का रे बाबांनो?" खरं तर ती हे सेलांना म्हणायची. मी आपला त्यात स्वतःलाही धरायचो.

ती सहा वर्षं माझ्या सुखाची. ताई कपड्याला सुई लावता लावता चिमीला टोमणे मारायची आणि चिमी मशीनच्या खडखडाटात उत्तरं द्यायची. गिऱ्हाइकं हसून लोटपोट व्हायची. एकदा ताई एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "हा चार्जर आहे म्हणून मी माणसांत आहे." मित्रांनो, माझं एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

मग चिमीच्या मुलीला बाळ झालं. चिमी तीन महिन्यांसाठी लेकीकडे निघाली. निघण्याआधी तिने मोठी यादी लिहून माझ्या समोरच्या भिंतीला चिकटवली. सेल रिकामा झाला की लाव. संध्याकाळी काढ. साधा सेल यात कधीही घालू नकोस. ओला हात लावू नकोस. शेगडीजवळ ठेवू नकोस. ताईने ती यादी वाचली आणि तिचं डोकं फिरलं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तसं नाही गं ताई. तुला सवय नाही म्हणून."

"तू नव्हतीस तेव्हा मी जगतच होते ना? तुझ्यावाचून माझं काहीएक अडत नाही."

चिमी पिशवी उचलून गेली. मी यादी पुन्हा पुन्हा वाचली, माझ्या समोरच होती ती. दोन सेल एकदम लाव, एवढंच तीत नव्हतं. चिमीने एकटा सेल कधी लावलाच नव्हता, मग तिला ते सुचणार तरी कसं?

चौथ्या दिवशी ताईच्या यंत्रातला सेल संपला. दुसरा भरलेलाच होता, तो तिने यंत्रात घातला आणि यादीबरहुकूम रिकामा तेवढा माझ्यात लावला. माझा दिवा लागला नाही. तिने सेल काढला, पदराला पुसला, शेजारच्या खाचेत घालून पाहिला. नाहीच. मी आतल्या आत किती तडफडलो! दुसराही आण बाई, दुसराही आण! पण सांगणार कसं? पुढे दुसराही संपला, तेव्हा तिने त्यालाही एकट्यालाच लावून पाहिलं.

"बंद पडलं मेलं," ती म्हणाली, आणि दोन्ही सेल खणात फेकले. दोघे एकाच खणात, एकमेकांना खेटून पडले होते आणि मी वर फळीवर रिकामा. चिमीला एक फोन केला असता तर सगळं मिटलं असतं. पण कुठल्या तोंडाने करणार? काहीएक अडत नाही म्हणून बसली होती ना!

तिने साधे सेल आणले. ते संपले, की पुन्हा आणायला आठवडाभर टाळाटाळ व्हायची. मग तेवढे दिवस ती यंत्राविनाच काढायची. दारावरची घंटा तिला ऐकू येईना. एका बाईने ब्लाउज दोन बोटं सैल करायला सांगितला, ताईने दोन बोटं घट्ट केला. बाई वाटेल तसं बोलली आणि ताई हसून म्हणाली, "आवडला ना? मला ठाऊकच होतं." गिऱ्हाइकं हळूहळू कमी झाली.

रविवारी चिमीचा फोन यायचा, तेव्हा यंत्रातला सेल बहुधा संपलेलाच असायचा. फोन थरथरला की ताई तो उचलायची, आवाज मोठा करून कानाला दाबायची. तिला नुसती कुजबुज ऐकू यायची. मला मात्र शब्द न् शब्द कळायचा. ऐकू येत नाही हे बहिणीला कळू नये म्हणून ताईने एक युक्ती काढली होती. जरा थांबायचं, मग "हो हो, छान" म्हणायचं.

तिसरा महिना संपत आला होता. चिमी म्हणाली, "ताई, एक विचारते, मनापासून सांग. लेकीला नोकरी लागतेय, पण बाळाला कोण बघणार? मी इथेच राहू का? तू नको म्हणालीस तर मी लगेच येते. तुझ्याजवळच राहीन."

ताई जरा थांबली. "हो हो, छान," ती म्हणाली. "इकडची काही काळजी करू नकोस."

पलीकडून मग चिमी म्हणाली, "बरं." अगं ताई, मी ओरडत होतो, ती तुला विचारतेय! पण प्लगमध्ये अडकवलेल्या मुक्या डबीचं ओरडणं कोण ऐकणार?

पंधरा दिवसांनी चिमीचा जावई टेम्पो घेऊन आला. बिचारा भला माणूस. त्याने ताईच्या पाया पडून सगळं समजावून सांगितलं. ताईला त्यातलं एवढंच कळलं, की शिलाई मशीन चाललं. म्हणजे चिमी आता येत नाही. तिचा चेहरा खर्रकन उतरला, पण ती म्हणाली, "न्या की. तिचंच आहे." त्याने आणि टेम्पोवाल्याने मशीन उचलून जिन्याने खाली नेलं. ताई दारात उभी राहिली. आत येऊन तिने गळ्यातलं यंत्र काढलं आणि संपलेल्या सेलासकट पेटीत टाकलं.

"आता कुणाचं ऐकायचंय," ती म्हणाली.

तेव्हापासून या खोलीत कोणी बोललं नाही. रविवारी फोन थरथरायचा, पण ताई स्वयंपाकघरात असायची. थरथरून थरथरून तो गप्प व्हायचा. माझ्यावर धुळीचा थर चढला. मी उगाच दिवस मोजत राहायचो, दुसरा उद्योग तरी काय होता?

एका दुपारी कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. ताई पलंगावर पडून जुनं मासिक चाळत होती. आतलं जळून कोळसा झालं, घरभर धूर कोंडला. शेजारणीने दार बडवून बडवून शेवटी गॅलरीतल्या खिडकीतून हात घालून कडी काढली आणि गॅस बंद केला. मग तिने ताईचे खांदे धरले आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून ओरडली, "आधी कानात यंत्र घाला! जीव जाईल एखाद्या दिवशी!" ताई भेदरून गेली होती. तिने पेटी उघडली. यंत्रातला साधा सेल गळला होता, आत पांढरी भुकटी साचली होती.

ताईने यंत्र पिशवीत टाकलं. खणातले ठिपकेवाले सेल टाकले आणि जाता जाता मलाही उपटून त्यांच्यावर टाकलं.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून पाहिलं. संपलेला सेल आत ठेवून विसरू नये, एवढं त्याने कागदावर ठळक अक्षरांत लिहून ताईपुढे धरलं. कापसाला जरासं व्हिनेगर लावून त्याने स्प्रिंग पुसली, सुकवली आणि स्वतःच्या दुकानातला सेल घातला. ताईने यंत्र कानाला लावलं. रस्त्यावरून एक स्कूटर गेली आणि ताई केवढ्याने दचकली!

"आणि हा भंगारात घाला," ती मला पुढे करत म्हणाली. "कधीचा बंद पडलाय."

त्याने ठिपकेवाले दोन्ही सेल माझ्यात घातले आणि मला प्लगला लावलं. माझा लाल दिवा लागला.

"मावशी, यात सेल किती घालत होतात?"

"एक. एका वेळी एकच तर संपायचा."

"अहो, याला दोन लागतात एकदम! जुन्या धाटणीचा आहे. आजकालच्यांत प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असतो, एकटा सेलही चालतो आणि भरला की आपोआप थांबतो. पण हाही ठणठणीत आहे. सेल फार दिवस रिकामे पडलेत, दोन-तीनदा भरले की सुधारतील."

"एवढंच होतं?" ताई म्हणाली.

"एवढंच."

ती माझ्या दिव्याकडे बघत राहिली. मला आनंद व्हायला हवा होता, पण तिचा चेहरा बघून होईना.

घरी आल्याबरोबर मला फळीवरच्या प्लगला लावून तिने फोन केला.

"चिमे."

"ताई! किती फोन केले मी! उचलत का नव्हतीस? एवढी कसली रागावलीस?"

"चिमे, तू मशीन का नेलंस?"

"म्हणजे? तुला विचारलं होतं ना मी. राहू का म्हटलं. नको म्हण, लगेच येते म्हटलं. तूच तर हो हो, छान म्हणालीस."

ताईने फळीचा काठ धरला. "मला ऐकू आलं नव्हतं गं."

"काय?"

"तू गेलीस तेव्हापासून मला धड ऐकू येत नव्हतं. तुझे बहुतेक फोन मला कळलेच नाहीत. मी नुसतं हो हो करत होते."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. तो ताईला नीट ऐकू आला. "मला वाटलं, तुला मी नकोच आहे," चिमी म्हणाली.

"वेडी आहेस का? तू ये. मला नाही करमत तुझ्यावाचून."

"कशी येऊ आता? पोरगी माझ्या भरवशावर नोकरीला लागलीय. बाळ माझ्याशिवाय दूध पीत नाही."

तेवढ्यात पलीकडे बाळ रडायला लागलं. ताईने तेही ऐकलं. ती म्हणाली, "जा, घे त्याला. भूक लागली असेल."

मित्रांनो, आता ताई दर रविवारी सकाळी दोन्ही सेल मला लावते, संध्याकाळी काढते, अगदी चिमीसारखं. मला फडक्याने पुसते. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला काय लागतं ते आधी नीट वाचा, तो कागद जपून ठेवा आणि दिवा लागला नाही म्हणून लगेच त्याला टाकून देऊ नका. आणि एक माझं ऐका. समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नसेल, तर हो म्हणू नका. काय म्हणालास, असं पुन्हा विचारा. त्यात कसली आली लाज?

ताईला आता सगळं ऐकू येतं. नळाचा थेंब, जिन्यावरची पावलं, शेजारचं भांडण. संध्याकाळी ती यंत्र लावून खुर्चीत बसते, मशीनची जागा होती तिथे. माझं काम चोख झालेलं असतं. घरात बोलणारं कोणी नसतं.