मागचा डबा

बारागानच्या सपाट रानात क्रिवात्स हा बर्फाळ वारा सुटला की रूळ कुठले नि शेत कुठलं, काही कळत नाही. त्या सकाळी कामगारांना शहराकडे नेणारी तीन डब्यांची गाडी बर्फाच्या ढिगात रुतली. ड्रायव्हर तुदोसेने पुढे-मागे करून पाहिलं, लोकांनी फावडी मारली. पण मागचा डबा खिडक्यांपर्यंत गाडला गेला होता. शेवटी ठरलं, माणसं पुढच्या डब्यांत घ्यायची आणि मागचा तिथेच सोडायचा.

गार्ड सबिनाने सगळ्यांना पुढे पिटाळलं. शेवटची नजर टाकायला ती परत गेली, तर मधल्या दारात बर्फ घुसून ते जेमतेम फटीएवढं उघडत होतं. तिची बोटं बधिर झाली होती. फटीतून तिने हाका मारल्या. ओ आली नाही.

"रिकामा ना?" तुदोसेने खालून विचारलं.

"रिकामा," ती म्हणाली.

जोड सोडला, गाडी हलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या स्टेशनात रुळांचे सांधे गोठलेले. सांधेवाले पेटत्या बोळ्यांनी ते शेकत होते. गाडी कशीबशी फलाटाला लागली. गेरासिम नावाचा एक माणूस सासूला न्यायला आला होता. दोन्ही डबे धुंडाळून तो सबिनापाशी आला. त्याची सासू, साफ्ता म्हातारी, नेहमी मागेच बसायची, बरोबर टोपलीत कोंबडी असल्यामुळे लोक कुरकुरतात म्हणून.

सबिनाला ती टोपली आठवली. म्हातारी मागे राहिली असेल, एवढंच ती कसंबसं बोलली. बर्फ हटवणारं इंजिन निघालं, तशी ती कुणाला न विचारता त्यावर चढली.

म्हातारी कोपऱ्यात होती. खिडक्यांचे पडदे अंगाभोवती, कोंबडी कोटात छातीशी. जिवंत होती, पण डाव्या हाताची बोटं पांढरीफटक पडली होती.

"डोळा लागला गं, पोरी," ती ओशाळून म्हणाली. "माझ्यापायी तुम्हाला हेलपाटा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सबिनाला झालं.

स्टेशनात तर कौतुकच सुरू झालं. अशा वादळात परत गेली, याला म्हणतात छाती, असं स्टेशनमास्तर जो येईल त्याला सांगत होता. गेरासिमने तिच्या हातात दारूचा ग्लास दिला. तुदोसे तेवढा शेगडीपाशी हातमोजे वाळवत बसला होता. तिच्याकडे पाहत नव्हता. सबिना काही बोलली नसती तर खपून गेलं असतं. दार बर्फाने अडलंच होतं.

"मी आत गेलेच नव्हते," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती म्हातारीकडे वळली. "मावशी, झोपलात म्हणून मागे नाही राहिलात तुम्ही. मी दारातूनच परत फिरले आणि रिकामा म्हणून सांगितलं."

गेरासिमने तिच्या हातातला ग्लास काढून घेतला.

"आत यायचं होतंस गं," म्हातारी हळूच म्हणाली.

साफ्ताची दोन बोटं कापावी लागली. सबिनाला गाडीवरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं. वसंतात ती दोनदा म्हातारीच्या फाटकापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्यांदा म्हातारीनेच पाहिलं.

"आलीच आहेस तर विहिरीचं पाणी काढून दे. माझ्याच्यानं होत नाही."

सबिनाने पाणी काढलं. मान वर करून बघणं मात्र तिला जमलं नाही.