झिपरीच्या अडतीस बटा

मी एक जुनी क्रोशाची सुई आहे आणि माझं डोकं तापलेलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही गोड गोष्टीची वाट बघत बसणार नाही. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी मवाळ आवाजात आपली कहाणी सांगावी, अशी रीत आहे. मला ती जमत नाही. मी पोलादाची आहे. मला जे दिसलं ते मी सांगणार, आणि ज्याला झोंबायचं त्याला झोंबू दे.

माझा जन्म तारेच्या कारखान्यात झाला. मला तापवलं, ओढलं, कापलं, घासलं आणि एका यंत्राने टोकाशी बारीकसा आकडा पाडला. मधोमध अंगठा टेकायला चपटी जागा केली आणि तिथे नंबर ठोकला. तो नंबर आता दिसत नाही. आत्याच्या अंगठ्याने तीस वर्षांत तो पार झिजवून टाकला.

आत्या म्हणजे माझी मालकीण. तिने लग्न केलं नाही. भावाच्या घरी राहिली आणि सगळ्यांसाठी विणत राहिली. टीव्हीवर टाकायचा रुमाल, टेबलावरचं कव्हर, उशीची झालर, बाळाचं टोपडं. सगळं पांढरं, कारण सगळ्यांना पांढरंच हवं असायचं. नातेवाईक यायचे, म्हणायचे, "काय हात बसलाय हो तुमचा!" आणि तो रुमाल नेऊन कुंडीखाली घालायचे. मला तेव्हाही राग यायचा. आत्या मात्र हसायची आणि पुढचा रुमाल सुरू करायची. तुला स्वतःला काय विणायचंय, हे तिला त्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

मग घरातली मुलगी मोठी झाली. आत्याच्या भावाची मुलगी. घरात तिला बबी म्हणायचे. तिचे बाबा लांब पल्ल्याच्या गाडीवर चालक होते, महिन्यातून चार दिवस घरी. बाकी घरात तीन बायका आणि बबीचं ढणढण संगीत. काळे सदरे, जुन्या बाजारातून आणलेले जाडजूड बूट, जाकिटाच्या पाठीवर स्वतः शिवलेली हाडं आणि कवट्या. आईने कपाळावर हात मारला. आत्याने फक्त एकदा विचारलं, "हा गाणारा इतका का ओरडतोय गं?"

"त्याला राग आलाय, आत्या."

"मग बरोबर आहे. ओरडू दे."

तेव्हाच मला ही आत्या नव्याने आवडली.

एका सुट्टीच्या दिवशी बबी आत्यासमोर स्टुलावर येऊन बसली. तिने फोनवर एक चित्र दाखवलं. त्यातल्या मुलीच्या डोक्यावर केसांच्या दोरखंडासारख्या बटा होत्या. "याला ड्रेडलॉक्स म्हणतात. करायला अशीच सुई लागते. तुझ्यासारखा हात कुणाचाच नाही. करशील?"

आत्याने चित्र जवळ धरून निरखलं. चष्मा पुसला, पुन्हा निरखलं. मग म्हणाली, "म्हणजे हे विणकामच की! पण किती वेगळं!" आणि तिने कपाटातल्या दोऱ्याच्या गुंड्या बाजूला सारून मला उचललं.

दोन दिवस लागले, मित्रांनो. केसांचे छोटे छोटे चौकोन पाडायचे. एकेक चौकोन रबराने बांधायचा, मुळाकडे उलटा विंचरायचा आणि मग मला आत घालून सुटे केस बटेच्या पोटात ओढून घ्यायचे. आत, बाहेर, आत, बाहेर. केस दोऱ्यासारखे ऐकत नाहीत, निसटतात. पण मीही काही कमी नाही. अशा अडतीस बटा झाल्या. बबीने आरशात बघितलं, एकेक बट खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाली, "आत्या, ही मी आहे."

तीस वर्षांत माझ्या कामाला मिळालेली ही पहिली खरी दाद. कुंडीखाली जाणार नाही असं काहीतरी मी पहिल्यांदाच केलं होतं.

गल्लीने लगेच तिचं नाव झिपरी ठेवलं. पोरगी वस्ताद. तिने जाकिटाच्या खिशावर पांढऱ्या दोऱ्याने 'झिपरी' असंच भरतकाम करून घेतलं, आत्याकडूनच. लोक म्हणाले, ही केस धुतच नाही. खोटं! दर रविवारी ती बटा धुवायची, टॉवेलने पिळायची, उन्हाकडे पाठ करून तासभर वाळवायची. मग आत्या मला घेऊन बसायची आणि मुळाशी सुटलेले केस आत ओढायची. मी त्या केसांत इतक्या वेळा आत-बाहेर केलंय की मला त्यांचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे. ते स्वच्छ होते. हे मी कुणासमोरही सांगायला तयार होते. पण सुईला कोण विचारतो?

आता खऱ्या गोष्टीकडे येते.

बबी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. काम कापड कापायच्या टेबलावर. पांढऱ्या कापडाचे वीस-वीस थर एकावर एक रचायचे आणि विजेच्या कात्रीने एकदम सदरे कापायचे. त्या कात्रीने कापडाचे इतके बारीक तंतू उडतात की संध्याकाळी तिथल्या माणसांच्या भुवया पिकलेल्या दिसतात. बबी डोक्याला फडकं बांधायची, तरी ते तंतू घुसायचेच. साध्या केसांतून ते विंचरताना निघून जातात. बटांमध्ये अडकून बसतात. म्हणून आत्या दर रविवारी माझ्या आकड्याने ते वेचून काढायची. ओंजळभर पांढरा कापूस निघायचा. दोघी हसायच्या.

बबीने घरी सांगितलं ते असं: एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने तोंड धुवायला फडकं सोडलं. मागे सुपरवायझर बाई उभ्या होत्या. या बाईंचा अंबाडा म्हणजे असा घट्ट, की कपाळाची कातडी मागे ओढली जायची. त्यांना बबीच्या बटा पहिल्या दिवसापासून खुपत होत्या. त्यांनी बटेवरचे पांढरे ठिपके पाहिले आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अगं बाई, लिखा! हिच्या जटांत लिखा आहेत!"

तीस वर्षं त्याच कापडात काढलेली बाई! रोज घरी जाताना स्वतःच्या पदरावरून तेच तंतू झटकणारी बाई! तिला कापूस ओळखता येऊ नये? येत होता. पण बघायचं नव्हतं ना! बबीने समजावलं, बट पुढे केली, म्हणाली जवळून बघा. बाई दोन पावलं मागे सरकल्या. "ते जंगल छाटून ये, नाहीतर येऊच नकोस," म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीत. दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात उभी राहून आईला म्हणाली, "आमच्या मुलांना काही दिवस तुमच्याकडे पाठवत नाही हं. राग मानू नका." आईने मान खाली घातली. घरात आल्यावर तिने बबीला एकच सांगितलं, "काप ते. तू कापत नाहीस तोवर मी अन्नाला शिवणार नाही."

"आई, लिखा नाहीत गं."

"असोत की नसोत. चार लोकांत नाक कापलं गेलं माझं."

आई खरंच जेवली नाही. दोन वेळा ताट झाकून ठेवलं आणि दोन वेळा तसंच उचललं. बबी खिडकीशी बसून राहिली, संगीतसुद्धा बंद. आत्याने सगळं ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली. बबीच्या बटांतून वेचलेले तंतू तिने कागदाच्या पुडीत बांधले, मला रुमालात गुंडाळलं आणि चपला घातल्या.

"वन्सं, कुठे निघालात?" आईने विचारलं.

"कारखान्यात. वहिनी, मी येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही."

कारखान्याच्या दारात बाईंनी तिला अडवलं. "बाहेरच्यांना आत मनाई आहे."

"मी बाहेरची नाही," आत्या म्हणाली. "त्या केसांची कारागीर आहे मी. मालकांना बोलवा."

आयुष्यभर पांढरे रुमाल विणणारी ही बाई! तिने मला रुमालासकट मुठीत घट्ट आवळलं होतं. पण आवाज ठणठणीत. मशिनी थांबल्या. मालक आले. आत्याने आत शिरून कापायच्या टेबलावर पुडी उघडली आणि म्हणाली, "साहेब, लीख केसाला डिंकासारखी चिकटते. आयांना विचारा. फुंकर मारून उडते का कधी?" तिने फुंकर मारली. सगळा कापूस उडून मालकांच्या सदऱ्यावर बसला.

बायका फिसकन हसल्या. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "हे कशावरून तिच्याच डोक्यातलं?"

"तुमच्या डोक्यात बघू की मग," आत्या म्हणाली. "वाका जरा."

बाई नको नको म्हणेपर्यंत आत्याने मला त्या अंबाड्याच्या कडेला घातलं आणि ओढलं. अहाहा! मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. बोराएवढा पांढरा गोळा निघाला, जुना, दाबून बसलेला. बटणांची काजं करणारी बाई खुर्चीवरून ओरडली, "आत्या, माझ्यापण डोक्यात बघा हो, मी तर लिखांची खाणच असणार!" मालकांनी घसा खाकरला. "उद्यापासून येऊ दे तिला. फडकं बांधून," म्हणाले आणि आत गेले.

माफी? नाव काढू नका. भर कारखान्यात मुलीला बदनाम केलं आणि माफी मात्र कुणाच्या तोंडून निघाली नाही. तरी आत्या घरी निघाली ती जवळजवळ धावतच.

दार उघडंच होतं. बबी मधोमध स्टुलावर बसली होती. जमिनीवर बटा पडल्या होत्या. आईच्या हातात कापड कापायची मोठी कात्री.

डावी बाजू गेली होती. सतरा बटा. मी मोजल्या, कारण त्या माझ्या होत्या. मागाहून कळलं, आत्या गेल्यावर आई रडत, उपाशीपोटी दाराशी बसून राहिली होती आणि शेवटी पोरगीच म्हणाली होती, काप बाई, काप एकदाचे. आत्या निरोप आणेपर्यंत थांबायला काय झालं होतं? तासाभराचा प्रश्न होता! मी रुमालात होते. माझ्या अंगात आकडा आहे, पण कात्री अडवायला हात नाहीत. याच्याइतकी चीड मला आयुष्यात कशाची आली नाही.

"थांबा, वहिनी!" आत्या ओरडली. "लिखा नव्हत्याच. कापूस होता. मालकांनी उद्यापासून बोलावलंय."

आईचा हात हवेतच राहिला. ती काहीतरी बोलायला गेली, पण बबी आधी बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"आई, लहानपणी दर रविवारी मला मांडीत घेऊन तू फणीने डोकं बघायचीस. उजेडात बसवून, एकेक केस बाजूला करून. या तीन दिवसांत तू एकदाही बघितलं नाहीस."

आईने कात्री खाली ठेवली. उरलेल्या बटा तिने दोन बोटांनी अलगद बाजूला केल्या, वाकून मुळाशी बघितलं, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. खूप वेळ बघत राहिली. शेवटी पुटपुटली, "काहीच नाही गं इथे."

"मी तेच सांगत होते," बबी म्हणाली.

आत्याने जमिनीवरच्या बटा गोळा केल्या. म्हणाली, "या परत जोडता येतात. मी जोडते. दोन दिवसांचं काम." मी तर तयारच होते. पण बबी उठली, आरशासमोर उभी राहिली, एका बाजूला आखूड उभे केस, दुसऱ्या बाजूला एकवीस बटा. म्हणाली, "नको आत्या. अशीच जाते. लोकांनी काय केलं ते बघू दे त्यांना." दुसऱ्या दिवशी ती तशीच, उघड्या डोक्याने, भर गल्लीतून चालत कामाला गेली. फडकं तिने कापायच्या टेबलाशी पोचल्यावरच बांधलं. शेजारणीने खिडकी लावून घेतली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आत्याची बोटं सुजतात, मी डब्यात पडून असते, माझ्यावर गंजाचा तांबडा ठिपका आलाय. कुणी तेल लावलं तर बरं होईल, पण त्यासाठी मी ही कहाणी सांगितलेली नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणाचे साहेब व्हाल, कुणाचे आईबाप व्हाल, कुणाचे नुसतेच शेजारी व्हाल. एखाद्याचे केस, कपडे, गाणी तुम्हाला पटणार नाहीत. नका पटवून घेऊ. पण त्याच्याबद्दल तोंड उघडण्याआधी चार पावलं जवळ जा, उजेडात बसा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आईला ते येत होतं. तिच्याइतकं चांगलं त्या गल्लीत कुणालाच येत नव्हतं. म्हणून तर माझा राग अजून जात नाही.